कॉम्प्युटर कोण?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेसाठी आत्या कोकणातून आली होती. वय ब्याऐंशी, पण दात आणि स्मरणशक्ती दोन्ही शाबूत. फराळाची ताटे पुढ्यात होती. तेवढ्यात आमचे चिरंजीव आतल्या खोलीतून ओरडले, "कॉम्प्युटर आज रुसलाय!" आत्याने चकली मोडता मोडता विचारले, "कोण रे रुसलाय? हा कॉम्प्युटर कोण?"

सगळे घर हसले. बँकेतल्या त्या यंत्राला आत्या आजवर 'मिशिन'च म्हणत आली होती. हे बारशाचे नाव तिच्या कानावर पडले नसावे. आत्याही हसली, पण ओशाळून. नातीने पुण्याहून पाठवलेले पणतूचे फोटो फोनवर दाखवू लागलो, तेव्हा "मला नाही बाबा त्यातले कळायचे," म्हणून तिने फोन बाजूला सारला. शाळेत मुलांना मी रोज सांगतो, की प्रश्न विचारणाऱ्याला कधी हसू नये. आणि त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसलो तो मीच!

ती टोचणी मनात राहिली, म्हणून पुस्तके चाळू लागलो. मग उमगले ते असे, की चूक आत्याची नव्हती. "कॉम्प्युटर कोण?" हाच मूळचा बरोबर प्रश्न!

हा शब्द इंग्रजीत छापलेला आढळतो तो 1613 सालापासून, आणि त्याचा अर्थ हिशेब करणारा माणूस. पुढे तीनशेहून अधिक वर्षे कॉम्प्युटर म्हणजे माणूसच होता. हॅलेचा धूमकेतू पुन्हा केव्हा येणार, हे ठरवण्यासाठी 1758 साली पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत नावाची एक विदुषी अशी तिघे महिनोन् महिने आकडेमोड करीत बसली होती. तो सूर्याजवळ एप्रिल 1759 च्या मध्यास पोहोचेल असे त्यांचे गणित निघाले. तो 13 मार्चला पोहोचला. सुमारे पाऊणशे वर्षांतून एकदा दर्शन देणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत एवढी चूक म्हणजे चूक नव्हेच. परंतु क्लेरोने नंतर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यातून लपोतबाईंचे ऋण मात्र गाळले.

आपल्या देशातही हा हुद्दा होता. कलकत्त्याचे राधानाथ सिकदार 1831 साली भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीखात्यात 'कॉम्प्युटर' म्हणून नोकरीस लागले. हिमालयातल्या ज्या शिखराची उंची 29,002 फूट म्हणून 1856 साली जाहीर झाली, त्या शिखराच्या आकडेमोडीत त्यांचा हात होता. शिखराला नाव मात्र मिळाले खात्याच्या जुन्या साहेबांचे, एव्हरेस्टचे.

पुढे अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धात, तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके मांडण्यासाठी अनेक तरुणी नेमल्या गेल्या. त्यांचाही हुद्दा कॉम्प्युटरच. त्यांचे काम झटपट व्हावे म्हणून फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक नावाचे यंत्र उभारले गेले. वजन सुमारे तीस टन आणि आत अठरा हजारांच्या आसपास काचेच्या नळ्या! त्याच्याकडून गणित कसे करवून घ्यायचे हे बसवले के मॅक्नल्टी, बेटी जेनिंग्ज आणि त्यांच्या चार मैत्रिणींनी. फेब्रुवारी 1946 मध्ये यंत्राचा मोठा समारंभ झाला, परंतु ह्या सहा जणींची ओळख तिथे कोणी करून दिली नाही. काम यंत्राने घेतले आणि बायकांचे नावही त्यानेच घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली 'टिफ्रॅक' हा आपल्या बनावटीचा संगणक चालू झाला, तोवर कॉम्प्युटर म्हणजे यंत्र हे जगाने पक्के धरले होते.

एकदा हे कळल्यावर बाकीच्या शब्दांची भीती राहात नाही. त्यांची मुळे शोधली, तर तीही आपल्या घरादारातलीच निघतात. 'हार्डवेअर' म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानातला माल. म्हणून संगणकाचा हाताला लागणारा भाग तो हार्डवेअर, आणि त्याला दिलेल्या सूचना, ज्या हाताला लागत नाहीत, त्या 'सॉफ्टवेअर'. 'बिट' म्हणजे बारीकसा तुकडा, एक किंवा शून्य. आठ बिटांचा एक 'बाइट', म्हणजे घास. 1956 साली हा शब्द घडवणाऱ्या बुखहोल्झ यांनी, बिटाशी घोटाळा नको म्हणून, त्याचे एक अक्षर मुद्दाम बदलले. 'बग' म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला एडिसनही बगच म्हणे. पण 1947 साली हार्वर्डच्या एका संगणकात खरोखरचा पतंग अडकलेला सापडला, आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. शेपटीसारखी तार असलेली डबी दिसली, तिला 'माऊस' म्हटले. एंगलबार्ट यांनी ती 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना दाखवली.

आता इंटरनेट. नेट म्हणजे जाळे. अनेक संगणकांची जाळी एकमेकांत गुंफली, की झाले इंटरनेट. 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजलिसच्या संगणकाने स्टॅनफर्डच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! बालवाडीतले मूलही पहिल्या दिवशी दोनच अक्षरे गिरवते. ई-मेलच्या पत्त्यात जे वेटोळे दिसते, ते व्यापाऱ्यांच्या वहीतले 'दराने' दाखवणारे चिन्ह. टॉमलिन्सन यांनी 1971 साली ते उचलून माणसाचे नाव आणि त्याचा संगणक यांच्या मध्ये बसवले. 'वेब' म्हणजे कोळ्याचे जाळे. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली त्याची कल्पना मांडली, आणि आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले.

हे सारे मनात घेऊन गणपतीत आत्याकडे गेलो. प्रथम त्या हसण्याबद्दल माफी मागितली, मग ही सगळी हकीकत सांगितली. आत्या निमूट ऐकत होती. मामंजींच्या धान्याच्या दुकानाचा हिशेब तिने तीस वर्षे सांभाळला होता. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, सगळे तोंडपाठ. कागद लागत नसे. ऐकता ऐकता ती एकदम म्हणाली,

"अरे, म्हणजे मीसुद्धा कॉम्प्युटरच होते की!"

"होतीस खरी," मी म्हटले.

तिने पदराला हात पुसले, चष्मा नाकावर बसवला आणि हात पुढे केला.

"आण तो फोन इकडे. आमचा पणतू बघू दे मला."