विजापूरचा शेरझा बुरूज
विजापूरच्या पश्चिम तटांतील या बुरुजावर सिंह कोरलेले आहेत, म्हणून तो शेरझा. पण त्याची कीर्ति माथ्यावरील ‘मलिक-ए-मैदान’ तोफेमुळें. १५४९ सालीं ती अहमदनगरास ओतली गेली आणि १६३२ सालीं परांड्याहून येथें आली. वजन सुमारें ५५ टन! तरीही १६८६ सालीं शहर पडलें. औरंगजेबाचें सैन्य तट चढून आलें नव्हतें. वर्षाहून अधिक चाललेल्या वेढ्यानें आंत अन्न उरलें नाहीं, आणि सिकंदर आदिलशाहानें शरणागति पत्करली. उपाशी शहरास तोफ काय देणार? पुढें १८५४ सालीं इंग्रज अंमलदारांनीं ती मोडींत काढली, तेव्हां लिलावांत वरची बोली आली १५० रुपयांची. सुदैवानें विक्री रद्द झाली, आणि तोफ बुरुजावरच राहिली.