त्रिपदीची कुळकथा

शेलीच्या ‘ओड टु द वेस्ट विंड’मध्ये वारा नेमका कुठे वाहतो, असं कुणी विचारलं तर मी आधी यमकांकडे बोट दाखवीन. तीन ओळींचं कडवं. पहिली आणि तिसरी ओळ जुळते, मधली एकटी राहते. तिचे जोडीदार पुढच्या कडव्यात भेटतात. कखक, खगख, गघग, घचघ. कान सतत पुढच्या कडव्याची वाट पाहतो. आपली ओवी तीन चरणांना एकच यमक देते आणि चौथ्या, मोकळ्या चरणावर विसावते. इथे तसा विसावा नाही.

ही साखळी दान्तेची. चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘डिव्हाइन कॉमेडी’साठी त्याने ती घडवली आणि तिच्यात १४,२३३ ओळी ओवल्या. इटालियन शब्द बहुतेक स्वरान्त, त्यामुळे यमक तिथे सहज हाती लागतं. इंग्रजीत त्यासाठी घाम गाळावा लागतो. सोळाव्या शतकात टॉमस वायटने ही त्रिपदी इंग्रजीत आणली, पण ती फारशी रुजली नाही. त्यानेच इटलीहून आणलेलं सॉनेट, म्हणजे आपलं सुनीत, मात्र तिथे घरचं झालं.

पुढे १८१९च्या शरदात, फ्लॉरेन्सजवळ आर्नो नदीकाठच्या रानात, वादळी वाऱ्याच्या दिवशी शेलीने या दोन घराण्यांची सोयरीक जुळवली. चार त्रिपद्यांच्या बारा ओळी आणि अखेरीस ‘चच’ अशा दोन. चौदा ओळींचं सुनीत झालं! अशी पाच सुनीतं, सत्तर ओळी. दान्ते प्रत्येक सर्ग एका सुट्या ओळीने मिटवतो. शेलीने तिथे दोन ओळी ठेवल्या आणि पहिल्या तीन भागांत त्यांच्याच टोकाला वाऱ्याला ऐकण्याची विनवणी बसवली. पानं, ढग, लाटा. प्रत्येक वेळी धाव, मग हाक. एक आघातहीन अक्षर, एक आघाताचं, अशा पाच जोड्यांची ओळ हे या कवितेचं वृत्त. पण पहिल्याच ओळीत तीन आघात लागोपाठ येतात, आणि वारा दारावर धडकल्यासारखा वाटतो. हे सारं मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.

८ जुलै १८२२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात नाव बुडून शेली गेला. तेव्हा तो लिहीत असलेली, अपुरी राहिलेली ‘द ट्रायम्फ ऑफ लाइफ’ दान्तेच्या याच त्रिपदीत आहे.