यशवंतसागर : रोषापासून गौरवापर्यंत

सोलापूरच्या भवानी पेठेत महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. तेथे शुद्ध होणारे पाणी मुख्यतः हिप्परग्याच्या एकरुख तलावाचे, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या तलावाचे. पण तेवढ्यावर शहराची तहान भागत नाही. मोठा भार भीमेवरील उजनी धरणावर आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाचे नाव 'यशवंतसागर'. ज्या यशवंतराव चव्हाणांचे हे नाव, त्यांचे स्वागत १९५६-५७ साली याच महाराष्ट्रात काळ्या निशाणांनी होत असे.

त्यामागे कारण होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी गोळीबारात शंभरावर माणसे बळी पडली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. चव्हाणांनी मात्र संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंची निवड करू, अशा आशयाचे विधान केले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद स्वीकारले. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने त्यांच्यावर झोड उठवली. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. कराडमधून खुद्द चव्हाण थोडक्या मतांनी निवडून आले.

पुढे तीनच वर्षांत चित्र पालटले. द्विभाषिक टिकणार नाही, हे दिल्लीच्या गळी उतरवण्यात चव्हाणांचा वाटा मोठा होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि मंगल कलश आणल्याचे श्रेय त्यांच्या नावावर जमा झाले. रस्त्यावर लढलेल्या समितीला हे श्रेयवाटप मान्य होणे शक्य नव्हते, आणि तो वाद इतिहासलेखनात अजून मिटलेला नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर ते संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची भावना घरोघर होती.

मोरारजी देसाई यांची कथा याच्या उलट. गोळीबाराच्या काळात ते मुंबईचे मुख्यमंत्री होते. १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा समितीचे एक प्रमुख नेते एस. एम. जोशी जनता पक्षाच्या उभारणीत होते. १९९१ मध्ये मोरारजींना भारतरत्नही मिळाले. तरीही मराठी स्मरणात त्यांचे नाव गोळीबारापासून सुटले नाही. त्यांनी महाराष्ट्राला पुढे काही दिल्याचे जनतेच्या मनात उरले नाही, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

चव्हाणांची कीर्तीही एकदाच चढून स्थिर राहिली नाही. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते आणि गप्प राहिले. जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला, चरणसिंगांचे उपपंतप्रधानपद घेतले आणि पुढे इंदिरा गांधींच्या पक्षात परतले. 'कुंपणावरचे नेते' ही टीका तेव्हापासून त्यांना चिकटली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी निधन झाले, तेव्हा ते सत्तेच्या कडेला होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९४६ पाशीच थांबते. त्यामुळे १९५६ विषयी त्यांची स्वतःची सविस्तर बाजू वाचकांपुढे आलीच नाही.

प्रतिमा पुन्हा उजळली ती निधनानंतर. १९८९ मध्ये नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले; २०१२-१३ हे जन्मशताब्दी वर्ष सर्वपक्षीय थाटात साजरे झाले. १९५८ मध्ये महार वतनांचे निर्मूलन, नवबौद्धांना सवलती, १९६२ पासून जिल्हा परिषदा, औद्योगिक वसाहती, सहकाराला दिलेले पाठबळ ही कामे आता ठळक दिसू लागली. सत्तेतल्या पुढच्या पिढ्यांशी तुलना होऊ लागली, हेही त्यामागे आहेच.

सीमाप्रश्नावर मात्र नाराजी कायम राहिली. महाजन आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला, तेव्हा चव्हाण केंद्रीय गृहमंत्री होते. बेळगाव कर्नाटकात ठेवणाऱ्या या अहवालाने अक्कलकोटही तिकडे देण्याची शिफारस केली होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात तिचे पडसाद उमटणे साहजिकच होते. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. २००४ पासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

आणि उजनी? तिच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस व साखर कारखाने वाढले. सहकाराचे श्रेय चव्हाणांना देणारेच त्यातून उभ्या राहिलेल्या घराण्यांचा दोष त्यांच्या पदरी घालतात. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, ही भवानी पेठेची जुनी तक्रार आहे, आणि उन्हाळ्यात उजनीची पातळी खाली गेली की यशवंतसागराचे पाणी उसाला किती आणि शहराला किती, हा वाद सुरू होतो.