उपटायचं किती आणि थांबायचं कुठे?

आमच्या क्षेत्रात नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या महिन्यात एकदा तरी म्हणतो, "हा जुना कोड सगळा फेकून नव्याने लिहूया." सिनियर मंडळी गालातल्या गालात हसतात. सिडनीच्या ब्रॅडली बहिणींबद्दल वाचताना मला हे वाक्य सारखं आठवत होतं.

आयलीन (१९११-१९७६) आणि जोन (१९१६-१९८२) या दोघी सिडनी बंदराच्या काठी, मॉसमन या उपनगरात राहायच्या. जोन रसायनशास्त्र शिकलेली. १९६०च्या दशकात रोज कुत्र्यांना घेऊन शेजारच्या अ‍ॅश्टन पार्कच्या रानात फिरायला जायचा दोघींचा नेम होता. हे रान परदेशी झुडपांनी भरत चाललं होतं. त्यातलं एक तर आपल्या चांगलंच ओळखीचं: लँटाना, म्हणजे आपली घाणेरी! मूळची अमेरिका खंडातली ही बाई बागेची शोभा म्हणून भारतातही आली आणि ऑस्ट्रेलियातही. दोन्हीकडे तिने कुंपण ओलांडलं.

त्या काळचा उपाय सोपा होता. माणसं लावायची आणि सगळं तण एका दमात सपाट कापायचं. पण असं साफ केलेल्या जागी काही महिन्यांत तण पुन्हा, आणि आधीपेक्षा दाट, उगवायचं. कारण सरळ आहे. उघडी, उकरलेली माती आणि भरपूर ऊन ही तणाच्या बियांसाठी मेजवानीच. देशी रोपं हळू वाढणारी, शिवाय साफसफाईत तीही तुडवली जायची.

मग या दोघी फिरता फिरता हातानेच तण उपटायला लागल्या. थोडं थोडं, पण रोज. त्यातून त्यांचे तीन नियम तयार झाले. एक, सुरुवात चांगल्या रानापासून करायची आणि तणाच्या बाजूला सरकायचं. दोन, माती कमीत कमी हलवायची. बाजूला सारलेला पालापाचोळा पुन्हा जागेवर पसरायचा. तीन, देशी रोपं जितकी जागा भरून काढतील तितकंच पुढचं तण काढायचं. म्हणजे कामाचा वेग रान ठरवणार, आपण नाही.

यातला पहिला नियम मला सगळ्यात अवघड वाटतो. आपला हात आधी सगळ्यात वाईट जागेकडे जातो, कारण तिथे केलेलं काम दिसतं. त्या म्हणाल्या, जे अजून शाबूत आहे ते आधी सांभाळा. तिथल्या मातीत बी आहे. ऑस्ट्रेलियातल्या अकेशियांचं बी (आपल्या बाभळीचे हे लांबचे नातेवाईक) मातीत कित्येक वर्षं पडून राहू शकतं. रोप लावायची गरजच पडत नाही, वाट मोकळी केली की झालं.

१९७१ साली त्यांची 'बुश रीजनरेशन' ही पुस्तिका आली. ('बुश' म्हणजे तिकडचं मूळ रान.) १९७०च्या दशकाच्या मध्यात न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टने ही पद्धत प्रत्यक्ष वापरून पाहिली. १९८६मध्ये हे काम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. जोनचं 'ब्रिंगिंग बॅक द बुश' छापून आलं १९८८मध्ये, म्हणजे दोघीही गेल्यानंतर. आज सिडनीत ठिकठिकाणी स्वयंसेवकांचे गट आपापल्या ओढ्याकाठी आणि राखीव रानात हे काम करतात.

अर्थात, पद्धतीला मर्यादा आहेत. सिडनीची वालुकाश्माची माती नापीक आहे आणि देशी झाडांना तीच मानवते. पण घरांच्या आणि रस्त्यांच्या गटारांतून येणारं पाणी ओढ्यांत खतासारखं उतरतं, म्हणून ओढ्याकाठी तण सगळ्यात माजतं. जिथे मातीतलं देशी बी संपलंय तिथे नुसतं थांबून भागत नाही, रोपं लावावीच लागतात. पुढच्या लोकांनी बेताने तणनाशक वापरलं, काही ठिकाणी आगही. पण आधी बघा आणि मग हात लावा, ही शिस्त टिकली.

आता आपल्याकडे बघा. पावसाळा आला की पुण्याच्या टेकड्यांवर वृक्षारोपण सुरू. हजार खड्डे, हजार रोपं, एक ग्रुप फोटो! मागे याच उत्साहात टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं, तेही मूळचं मध्य अमेरिकेकडचं. आणि आपण खड्डा घेतो तिथे कुसळीसारखं देशी गवत आधीपासून उभं असतं. त्याला आपण 'मोकळी जागा' म्हणतो.

रविवारी सकाळी घाम गाळणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, मीही त्यांच्यातलाच. फक्त खड्डा घेण्याआधी तिथे काय उगवलंय ते एक पावसाळा बघूया, आणि त्यातलं घाणेरीचं रोप लहान असतानाच उपटूया. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये हे काम आकड्यात मांडता येणार नाही, फोटोही फारसा चांगला येणार नाही. पण दोन बायकांनी रोजच्या फेरफटक्यात नेमकं तेच केलं, आणि तिथलं रान परत आलं.