दाखला आणि डाव : बेलवलीतून दिसलेली दोन वर्षं

मागच्या वेळी आपण प्लेगच्या काळातली मुंबई पाहिली होती. व्याख्यान संपल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, हे सगळं जुनं झालं. आपण स्वतः जे पाहिलं त्याचा इतिहास कोण सांगणार?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज आम्ही लांब जाणार नाही. बदलापूरच्या पश्चिमेला बेलवली आहे, तिथल्या एका खोलीपासून सुरुवात करतो.

या खोलीत आमचा बुद्धिबळाचा अड्डा भरायचा. त्याला क्लब म्हणणं जरा जास्त होईल. नोंदणी नव्हती, पाटी नव्हती. चार पट, दोन घड्याळं (त्यातलं एक बंद) आणि एका सोसायटीने संध्याकाळपुरती दिलेली खोली. येणारे कोण? निवृत्त मंडळी, दोन-तीन शाळकरी पोरं, एक बँकेतले गृहस्थ, एक वायरमन, आणि एक रिक्षावाला. त्याचा खेळ आमच्या सगळ्यांपेक्षा वरचढ होता. नोकरदार मंडळी रात्री साडेआठच्या पुढे यायची, कारण मुंबईहून गाडी आल्याशिवाय बदलापुरात संध्याकाळ सुरूच होत नाही. आमच्याकडे सार्वजनिक जीवनाची वेळ लोकल ठरवते. बाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही. लोकलच्या डब्यात भजनी मंडळं आहेत, पत्त्यांचे अड्डे आहेत, वाढदिवस होतात, हळदीकुंकू होतं. गावातला कट्टा हा त्या डब्याचाच पुढचा भाग.

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल थांबली आणि आमची खोलीही बंद झाली. त्याच आठवड्यात तिकडे रशियात येकातेरिनबुर्गला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा चालू होती. जगभरातले खेळ बंद पडत असताना आठ खेळाडू समोरासमोर बसून खेळत होते. रज्जाबोव्हने आरोग्याच्या भीतीने आधीच अंग काढून घेतलं होतं, त्याच्या जागी फ्रान्सचा वाशिये-लाग्राव्ह आला. सात फेऱ्या झाल्या, आणि विमानं बंद होणार म्हणून २६ मार्चला स्पर्धा अर्धी सोडावी लागली. आठवी फेरी थेट एप्रिल २०२१ मध्ये झाली. डाव अर्धवट राहणं आम्हाला नवं नाही. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये तेरा महिने जावेत, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

मग बुद्धिबळ पडद्यावर गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरंच चाललं. समय रैना नावाचा विनोदवीर आणि आपला नाशिकचा विदित गुजराथी लोकांना घरबसल्या डाव दाखवू लागले. ज्यांनी कधी घोड्याची अडीच घरं मोजली नव्हती, तेही बघायला बसले. ऑगस्ट २०२०ची ऑलिंपियाड ऑनलाइन झाली. विदित कर्णधार होता. अंतिम सामन्यात पहिली लढत ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या लढतीत निहाल सरीन आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख, दोघांचंही इंटरनेट तुटलं आणि वेळ संपली. रशिया जिंकला असं आधी जाहीर झालं. भारताने दाद मागितली. बिघाड जगभर झाला होता, म्हणून फिडेच्या अध्यक्षांनी सुवर्णपदक दोघांनाही दिलं. हे प्रकरण पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा : घड्याळ शून्यावर गेलं, नियमाने हार झाली; पण पोहोचू न शकणं हा खेळाडूचा दोष नाही, हे वरच्याने मान्य केलं.

आमच्या अड्ड्यातली म्हातारी मंडळीही फोनवर खेळू लागली. नातवंडांनी शिकवलं. पण फोनवर समोरचा माणूस दिसत नाही. चुकीची खेळी केल्यावर तो हळूच चष्मा पुसतो, ते दिसत नाही. आमचे बँकवाले गृहस्थ म्हणाले, "खेळ होतो हो, पण भेट होत नाही." नेमकी हीच गोष्ट होती.

आता थोडं मागे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७चा, प्लेगसाठी केलेला. तेव्हा मुंबईहून सुटलेल्या गाड्या कल्याणला थांबवून उतारूंची तपासणी होत असे. कल्याण म्हणजे आमच्यापासून चार स्टेशनं. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. टोचून घेतलेल्याला दाखला मिळे, आणि तो दाखवला की काही निर्बंधांतून सूट मिळे. म्हणजे सुई आणि प्रवास यांची सांगड काही २०२१ मध्ये पहिल्यांदा घातली गेली नाही. आणि पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासणीचं पर्यवसान २२ जून १८९७च्या रात्री रँडवरच्या गोळीत झालं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. साथीपेक्षा साथ आवरणाऱ्यांचा राग लोकांच्या मनात जास्त काळ राहतो. सरकारांनाही हे माहीत असतं. म्हणून आता ती सक्ती म्हणत नाहीत, अट म्हणतात.

अट आली ती १५ ऑगस्ट २०२१ला. दोन डोस झालेले, दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले, अशांनाच लोकल खुली. सुरुवातीला सुटं तिकीट नाही, फक्त मासिक पास. स्टेशनवर पालिकेची माणसं प्रमाणपत्र तपासून शिक्का मारून देत, तो घेऊन खिडकीवर जायचं. आम्ही स्वतः त्या रांगेत उभे होतो. दोन डोस झालेले होते, वयामुळे लवकर मिळाले होते. शिक्का मिळाला तेव्हा आनंदच झाला, खोटं कशाला बोला. रांगेबाहेर कोण उभं आहे हे त्या दिवशी आम्ही पाहिलं नाही.

ऑक्टोबरात शाळा उघडल्या, घटस्थापनेला देवळं उघडली, २२ तारखेला नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली. दिवाळीनंतर आमची खोलीही उघडली. पट पुसले, घड्याळाला नवा सेल घातला. तोच २७ नोव्हेंबरचा आदेश आला. कुठल्याही कार्यक्रमाला, तिकीट असो वा नसो, आयोजक आणि येणारे सगळे पूर्ण लसीकरण झालेले हवेत. माणसाला दंड पाचशे, संस्थेला दहा हजार. सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. आम्ही वयाने मोठे आणि प्राध्यापक, म्हणून प्रमाणपत्रं तपासायचं काम आमच्याकडे आलं.

आणि आमच्या रिक्षावाल्याकडे एकच डोस निघाला.

त्याची हकिगत ऐका, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. मे महिन्यात लसच नव्हती. चव्वेचाळीसच्या आतल्यांचं लसीकरण राज्याने सुरू करून पंधरवड्यात थांबवलं होतं. जूनमध्ये केंद्राने सगळ्या प्रौढांना मोफत लस सुरू केली, तेव्हा हा नुकताच कोविडमधून उठला होता. बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, असा नियम. तो थांबला. सप्टेंबरच्या मध्यावर पहिला डोस घेतला. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर, म्हणजे डिसेंबरचा मध्य. वर चौदा दिवस. या माणसाने एकही नियम मोडला नव्हता. उलट प्रत्येक नियम पाळला म्हणूनच तो बाहेर होता. आणि त्याच आदेशात अठरा वर्षांखालच्यांना पूर्ण लसीकरण झालेल्यांतच धरलं होतं, कारण त्यांना लस सुरूच झाली नव्हती. म्हणजे एकही डोस न घेतलेला बारा वर्षांचा पोरगा आत पटावर, आणि एक डोस घेतलेला, रोग अंगावरून गेलेला माणूस दारात.

आम्ही त्याला काय सांगितलं? "अरे, महिन्याचा तर प्रश्न आहे. नियम म्हणजे नियम." तो "बरं सर" म्हणाला आणि गेला.

त्या रात्री वाद झाला. वायरमन म्हणाला, तीच रिक्षा आपल्याला स्टेशनवरून घरी आणते, तेव्हा कुणी प्रमाणपत्र मागत नाही. (आदेशात रिक्षा-टॅक्सीचंही कलम होतं. पण रात्री साडेनऊला बदलापूर स्टेशनबाहेर कोण कुणाला काय विचारतो?) बँकवाले म्हणाले, खोलीत ऐंशीच्या घरातले दोघं आहेत, त्यांना काही झालं तर? हेही खरं होतं. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालता येतं, हे मिलचं तत्त्व आम्ही पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. पण मिलच्या तत्त्वात इजा होण्याची शक्यता दाखवून द्यावी लागते. नुसता कागद नसणं ही इजा नव्हे. हे आम्हाला त्या रात्री सुचायला हवं होतं. सुचलं ते पुढे, न्यायालयाचा निकाल वाचताना.

लस घ्यावी की न घ्यावी, हा आमचा प्रश्न कधीच नव्हता. घ्यावी. आम्ही घेतली, घरच्यांना दिली. दुसऱ्या लाटेत ज्याने स्मशानाबाहेरची रांग पाहिली त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. प्रश्न असा, की चांगली गोष्ट करायला लावण्याचा अधिकार कुणाचा, आणि तो कसा वापरायचा.

मुंबई उच्च न्यायालयात याच लोकलबंदीविरुद्ध याचिका होत्या. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये जे निघालं ते बुद्धिबळवाल्याला लगेच कळेल. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार असा निर्णय राज्य कार्यकारी समितीने करायचा असतो. जुलै-ऑगस्ट २०२१चे आदेश मात्र तत्कालीन मुख्य सचिवांनी आपल्याच सहीने काढले होते, समितीची बैठक न घेता. सरकारला ते मागे घेण्याची तयारी दाखवावी लागली. म्हणजे खेळी चांगली होती की वाईट, हा नंतरचा मुद्दा. ज्याने सोंगटी उचलली त्याची पाळीच नव्हती! पटावर अशी खेळी मागे घ्यावी लागते, कितीही सुंदर असली तरी. सरकारने १ मार्चला नव्याने नियम काढले, त्यातही दोन डोसांची अट होतीच. अखेर २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, सगळे निर्बंध उठले. महिन्याभराने, २ मे २०२२ला, सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. लसीकरणाचं धोरण योग्य ठरवलं. पण कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, हेही सांगितलं. आणि लस न घेतलेल्याकडून इतरांना घेतलेल्यापेक्षा जास्त धोका आहे, असं दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आलेली नव्हती, म्हणून राज्यांनी घातलेली बंधनं प्रमाणात बसत नाहीत असंही म्हटलं. त्या पीठावर आपले अमरावतीचे न्यायमूर्ती गवई होते.

बरं, आमच्या माणसाचं काय झालं? डिसेंबरअखेर त्याचं प्रमाणपत्र पूर्ण झालं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो एकदा आला, दोन डाव जिंकला. १० जानेवारीपासून ओमायक्रॉनचे निर्बंध लागले, पाच किंवा त्याहून जास्त जणांनी एकत्र यायचं नाही, आणि खोली पुन्हा बंद. एप्रिलमध्ये उघडली तेव्हा सगळे आले, तो आला नाही. निरोप पाठवला, तरी नाही.

मे महिन्यात एका दुपारी आम्ही स्टेशनच्या रिक्षास्टँडवर गेलो. तो मागच्या सीटवर चुंबकाचा छोटा पट मांडून दुसऱ्या एका रिक्षावाल्याला शिकवत होता. आम्हाला पाहून उठला, सीट झटकली, "बसा सर" म्हणाला. त्या डिसेंबरातल्या संध्याकाळबद्दल आम्ही काही बोलायला लागलो, तर म्हणाला, "सोडा हो सर, तुम्ही तरी काय करणार होता." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आम्ही काळी सोंगटी घेतली. बाराव्या-तेराव्या खेळीला त्याने उंट असा आणून बसवला की आमच्या वजिराला हलायला जागा उरली नाही. तेवढ्यात कर्जतकडून गाडी आली, रांगेत त्याचा नंबर लागला, एक बाई दोन पिशव्या घेऊन बसायला आल्या. त्याने पट होता तसाच उचलून पुढे डॅशबोर्डवर ठेवला. चुंबकाचा असल्यामुळे काही हललं नाही.

आता आठवड्यातून दोनदा आम्हीच तिकडे जातो.