डिझेल एंजिनाचा धूर व इंधनक्षेपण
डिझेल एंजिनाचा काळा धूर म्हणजे पुरेशी हवा न मिळालेल्या इंधनातील कार्बनचे कण होत. आउग्सबुर्ग येथील रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ च्या एंजिनात दाबलेल्या हवेच्या झोताने इंधनाचे तुषार होत. परंतु त्यास लागणारा अवजड वायुसंपीडक मोटारीत मावणारा नव्हता. १९२७ पासून बॉशचे क्षेपणपंप मोठ्या संख्येने निघू लागले व ती अडचण सरली. तथापि त्यांचा दाब एंजिनाच्या गतीवर अवलंबून असे. मंदगतीने ओझे ओढताना तुषार जाड पडत व धूर वाढे. १९९७ साली मोटारींत आलेल्या 'कॉमन रेल' पद्धतीने दाब गतीपासून मुक्त केला. मात्र ज्वलन जितके प्रखर, तितकी नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक. धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे मानण्यास हा इतिहास आधार देत नाही.