अण्णांची वही आणि डिझेलची सवय

आजचा भाग थोडा घरचा आहे. इतिहास आहेच, पण सुरुवात होते आमच्या मोडनिंबच्या ओसरीवर.

झालंय असं की आमच्या दादाला गाडी घ्यायचीय. मोठी, सात सीटर, घरच्या सगळ्यांना एका खेपेत पंढरपूरला नेईल अशी. बजेट ठरलंय, रंगसुद्धा ठरलाय. भांडण एकाच गोष्टीवर आहे, इंजिन. दादा पुण्यात नोकरीला, तो म्हणतो पेट्रोल घेऊ. अण्णा, म्हणजे आमचे चुलते, म्हणतात, "डिझेल नसंल तर माझ्या दारात लावू नको." आणि कर्ज सात वर्षांचं. म्हणजे चुकलं तर सात वर्षं त्या चुकीचे हप्ते भरायचे.

मी मधे पडलो आणि विचार करायला लागलो, हा डिझेलचा हट्ट येतो कुठून? नुसता अण्णांचा नाही, आपल्या अख्ख्या पट्ट्याचा.

माझ्या मते तो विहिरीतून आला. हसू नका. गावात मोटारगाडी यायच्या आधी डिझेल आलं ते पाणी उपसायच्या इंजिनातून. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली. त्या इंजिनाचा आवाज आमच्या आजोबांच्या पिढीला घड्याळासारखा पाठ होता. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो, कॉइल नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, त्यात तेलाचा फवारा मारला की पेट घेते. बंद पडण्यासारखे भागच कमी. धूळ, ओल, उन्हाळा, कशानं फारसं बिघडत नाही. पुढं तेच डिझेल एसटीत आलं (पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली), ट्रकमध्ये आलं, ट्रॅक्टरमध्ये आलं. त्यामुळे हायवेच्या कडेला, टेंभुर्णी काय, मोहोळ काय, जो मिस्त्री तयार झाला तो डिझेलचाच.

पण आपल्याकडची पहिली 'एसयूव्ही' पेट्रोलची होती! महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीजची जीप जोडायला सुरुवात केली. त्या मूळ जीपचं इंजिन २.२ लीटरचं पेट्रोल, ताकद ६० हॉर्सपॉवर. पेट्रोल स्वस्त होतं तोवर कुणाला त्रास नव्हता. मग १९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं आणि कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत तीन डॉलरच्या आसपासवरून जवळजवळ बारावर गेला. पेट्रोलची जीप पोसणं अवघड झालं. इथं सरकारनं एक ठरवून टाकलेलं होतं, की एसटी, मालट्रक आणि शेतीपंप चालतात ते डिझेल स्वस्त ठेवायचं आणि पेट्रोल श्रीमंतांचं म्हणून महाग. जीपवाल्यांनी साहजिकच डिझेल धरलं. १९८०च्या दशकात महिंद्राच्या इगतपुरी कारखान्यात फ्रान्सच्या पेझो कंपनीचं डिझेल इंजिन बनायला लागलं. बजाज टेम्पोनं मर्सिडीजकडून परवाना घेऊन त्यांचं डिझेल इंजिन बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. म्हणजे वडापच्या ज्या ट्रॅक्समध्ये आपण बारा-पंधरा जण कोंबून गेलोय, तिच्या बॉनेटखाली मर्सिडीजच्या घराण्यातलं इंजिन होतं. हे मला कळलं तेव्हा मला उगाचच श्रीमंत वाटलं.

अण्णांकडे तीच ट्रॅक्स होती. नव्वदीत ते वर्दी मारायचे. लग्नाची वऱ्हाडं, पंढरपूरची एकादशी, दवाखान्याच्या फेऱ्या.

पुढचा काळ पटकन सांगतो, कारण तो तुम्हाला माहितीय. १९९४ ला टाटा सुमो आली. नाव जपानी पैलवानांवरून नाही बरं का, टाटांच्या कंपनीचे सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून. १९९८ ला सफारी, २००० ला बोलेरो, २००२ ला नाशिकची स्कॉर्पिओ.

यातली एक गाडी मात्र थांबून बघण्यासारखी आहे, टोयोटा क्वालिस. २००० सालची. दिसायला डब्बा, डिझेल इंजिन २.४ लीटरचं, त्याला टर्बोसुद्धा नाही, ताकद ७५ हॉर्सपॉवर. कागदावर स्कॉर्पिओ तिच्यापेक्षा कितीतरी दमदार. तरी टूरवाले क्वालिसवर जीव टाकायचे, कारण सकाळी चावी फिरवली की ती चालू व्हायची. २००५ ला कंपनीनं ती बंद करून इनोव्हा आणली तेव्हा लोकांनी हळहळ केली. भरवसा हा ब्रोशरमध्ये छापता येत नाही, तो मिस्त्रीच्या दुकानात बसून ऐकावा लागतो.

आता खरी कलाटणी. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लीटरला ७३ रुपये होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास. बत्तीस रुपयांचा फरक! अशा वेळी डिझेल न घेणारा वेडा ठरला असता. पण पेट्रोलचे भाव सरकारनं जून २०१० मध्येच मोकळे केले होते. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं केलं. ज्या स्वस्ताईवर चाळीस वर्षांची सवय उभी होती, तिचा पायाच निघाला.

मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. बाकीच्यांनी डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसवली, तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी भरली की ती तापवून काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं सलग, चांगल्या वेगानं पळायला हवी. रोज घर ते रान चार किलोमीटर आणि परत, असं चाललं तर जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. काही गाड्यांत वर युरियाचं द्रावणही भरावं लागतं. युरिया म्हटल्यावर अण्णांचे कान टवकारले, पण ते खताच्या पोत्यातलं चालत नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. शिवाय हल्लीच्या डिझेल इंजिनात तेल हजार बारपेक्षा जास्त दाबानं फवारलं जातं. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं, तळाला पाणी साचलेलं डिझेल त्यात ओतलं तर इंजेक्टर जातात. ट्रॅक्स ते पचवायची. ही नाही पचवणार. आणि मिस्त्रीकडे पाना असून भागत नाही, स्कॅनर लागतो.

पेट्रोलवाल्यांनीही लगेच खूश होऊ नये. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे सुरुवातीचे प्रयोग २००१ साली झाले, त्यातलं एक ठिकाण मिरज, आमच्या मोडनिंब स्टेशनवरून जाणारी रेल्वे जिथं पोचते तेच. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे २० टक्के मिसळलं की लीटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटली. आमच्या रानातला ऊस कारखान्यात जातो, तिथून टाकीत येतो आणि अ‍ॅव्हरेज खातो! भाव उसाला मिळाला तर अण्णांची तक्रार नाही.

हायब्रिडचाही विषय निघाला. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडचा अधिकृत आकडा लीटरला २७.९७ किलोमीटर आहे. पण असे आकडे प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून काढतात. शिवाय हायब्रिडचा फायदा थांबत-चालत जाणाऱ्या शहरात जास्त, हायवेवर कमी. आणि त्या पाच सीटर, त्यामुळे आमच्या घरात तो विषय तिथंच संपला.

मग ठरवायचं कसं? तेव्हा अण्णांनीच कपाटातून वही काढली. ट्रॅक्सपासूनची सवय, टाकी भरली की किलोमीटर आणि लीटर लिहायचे. वर्दीच्या काळात वर्षाला तीस हजार किलोमीटर. आणि गेल्या तीन वर्षांचं, आताच्या जुन्या गाडीचं? सरासरी सात हजार.

आम्ही तिथंच हिशेब मांडला. डिझेल मॉडेल सव्वा लाखाच्या आसपास महाग, एक लाख वीस हजार धरू. पेट्रोल १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १२ (इथेनॉल धरूनच), म्हणजे किलोमीटरला ८ रुपये ६७ पैसे. डिझेल ९१ आणि अ‍ॅव्हरेज १६, म्हणजे ५ रुपये ६९ पैसे. वाचतात तीन रुपये. जादा दिलेले पैसे फिटायला चाळीस हजार किलोमीटर लागणार. वर्दीच्या काळात ते दीड वर्षाच्या आत फिटले असते. सात हजारानं जवळजवळ सहा वर्षं लागतील, आणि तोवर निम्म्या फेऱ्या रानातल्याच, जाळी तुंबवणाऱ्या.

अण्णांनी तो भागाकार स्वतः पुन्हा केला. मग चष्मा काढून म्हणाले, "आपलं फिरणं कमी झालं रे." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. दादानं पेट्रोल बुक केलंय, डिलिव्हरी दसऱ्याला. वहीत नवीन गाडीसाठी पान अण्णांनी आत्ताच आखून ठेवलंय.

पुढच्या भागात भेटू, मंडळी.